पुनर्रचना आणि साक्ष

आपल्या हातून पूर्वी झालेली रचना पुन्हा हाती घेऊन ती बदलण्याचा अधिकार रचनाकाराला असतो काय? वरवर पाहता हा प्रश्न विचारण्याचेही कारण दिसत नाही. ज्याने घडवले त्यालाच मोडण्याचा हक्क नसेल, तर तो कोणाला असणार? मीही बरीच वर्षे असेच मानत आलो. प्रश्न गंभीर वाटू लागला तो एका अगदी व्यावहारिक निमित्ताने. तंजावरच्या मराठी वाङ्मयावरील माझा प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, त्याला आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. प्रकाशकांनी दुसऱ्या आवृत्तीचा विचार कळवला आणि आवश्यक तेथे दुरुस्ती करण्याची मुभाही दिली. त्या ग्रंथातील एक वाक्य मला काढून टाकायचे होते. ते वाक्य असे : सरफोजीराजांच्या निरूपणांतील मराठी शब्द हे तालाचे वेठबिगार आहेत, काव्य म्हणून त्यांचा विचार करण्याचे कारण नाही.

वाक्य डौलदार आहे. तरुण समीक्षकाला अशी वाक्ये सुचतात आणि ती सोडवत नाहीत. ते चुकीचे आहे हे मात्र मला फार उशिरा कळले. आणि कळले ते एका परक्या, मला मुळीच परिचित नसलेल्या संगीताच्या द्वारे. तो प्रसंग सांगण्यापूर्वी निरूपण म्हणजे काय हे थोडे सांगितले पाहिजे, कारण महाराष्ट्रातील वाङ्मयाच्या विद्यार्थ्यालाही त्याची ओळख असतेच असे नाही.

व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या पादात स्थापिलेले तंजावरचे भोसले घराणे 1855 पर्यंत नांदले. त्या दरबारात मराठी ही तमिळ, तेलुगू आणि संस्कृत या तीन भाषांच्या शेजाराने वाढली. विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' सांगलीला 1843 साली झाले, त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी शहाजीराजांच्या नावावरचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक तंजावरात लिहिले गेले होते. दुसरे सरफोजी 1798 ते 1832 या काळात गादीवर होते. राज्यकारभार इंग्रजांच्या हाती गेलेला, आणि राजाची सारी बुद्धी ग्रंथसंग्रहात, वैद्यकात, संगीतात गुंतलेली. त्यांच्या पदरी पाश्चात्त्य वाद्यांचे बँडपथक होते आणि देवळातल्या नर्तकींचा परंपरागत मेळही होता. पृथ्वीचा भूगोल कुरवंजीच्या, म्हणजे तमिळ लोकरंगभूमीवरील भविष्य सांगणाऱ्या स्त्रीच्या तोंडी घालणारे 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक याच राजाचे.

सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या नृत्यरचनांच्या पुस्तकाचे नाव 'कोर्वैयाचे साहित्याचे जिन्नस' असे आहे. कोर्वै म्हणजे गुंफण, ओवणे. एक निरूपण म्हणजे एका कथेभोवती ओवलेल्या रचनांची माळ. आरंभी 'जय जय' आणि 'शरणु शरणु', मग अलारू, शोल्लू, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाणा, जक्किणी, गीत, प्रबंध, आणि शेवटी मंगल. ही सारी माळ एकाच रागात आणि एकाच तालात चालते. कथा पुढे सरकते, राग बदलत नाही. यांतील गीत आणि प्रबंध हे नायक राजांच्या काळापासून, व्यंकटमखीच्या 'चतुर्दंडिप्रकाशिके'पासून चालत आलेले जुने प्रकार. म्हणजे सरफोजींच्या दरबाराने आपल्याच घरच्या जुन्या जिनसा उचलल्या, त्यांत मराठी शब्द भरले आणि त्यांना एका दीर्घ रचनेचा घाट दिला. पुढे त्याच दरबारात वाढलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार भावांनी नृत्याच्या जिनसांचा असा क्रम लावला की तो भरतनाट्यमचा 'मार्गम्' म्हणून आजही जगभर चालतो. त्यात अलारिप्पू राहिला, शब्दम् राहिला, वर्णम्, पदम्, तिल्लाना राहिले. एकच राग गेला, एकच कथा गेली, आणि मराठी शब्दही गेले. आज चेन्नईच्या सभागृहात अलारिप्पू पाहणाऱ्याला त्याचे नाव एके काळी मराठी हस्तलिखितातही शीर्षक म्हणून उभे होते याची कल्पना नसते. त्याने ती ठेवावी असा माझा आग्रहही नाही.

मी हे साहित्य सरस्वती महालातल्या लांब मेजावर बसून वाचले. वामनपंडित आणि मोरोपंत यांच्या मापाने ते मोजले. यमके ढिली, विशेषणे ठरावीक, एकच संबोधन चार-चार वेळा. शोल्लूमध्ये तर अर्थशून्य अक्षरांच्या रांगा. निकाल द्यायला मला वेळ लागला नाही. हे शब्द पायांसाठी आहेत, मृदंगासाठी आहेत, डोळ्यांनी वाचण्यासाठी नाहीत, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असे नाही. मी ती प्रस्तावनेत नोंदवलीही होती. पण ठाऊक असणे आणि कानाला कळणे यांत अंतर असते.

ते अंतर पुण्यात माझ्या भाच्याच्या खोलीत तुटले. त्याला रॉक संगीताचा, त्यातही त्याच्या सर्वांत अवघड आणि प्रयोगशील शाखेचा नाद आहे. एका संध्याकाळी त्याने मला 'माग्मा' या फ्रेंच वाद्यवृंदाची एकच रचना दोनदा ऐकवली. हा वृंद ख्रिस्तियाँ वांदेर या ढोलवादकाने 1969 साली पॅरिसमध्ये उभा केला. त्याची गीते कोणत्याही मानवी भाषेत नाहीत. वांदेरने 'कोबाइया' नावाचा एक काल्पनिक ग्रह कल्पिला आणि त्या ग्रहाची भाषाही घडवली. 'रिया साहिल्ताक' ही दीर्घ रचना 1971 सालच्या त्यांच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेची पहिली बाजू पूर्ण व्यापते. तिच्या तेव्हाच्या मांडणीने वांदेरचे समाधान झाले नव्हते. त्रेचाळीस वर्षांनी, 2014 साली, त्याने ती नव्या साथीदारांसह पुन्हा मुद्रित केली. पहिल्या मुद्रणात सॅक्सोफोन आणि ट्रंपेट यांची दाटी आहे. दुसऱ्यात ती नाही, तिथे समूहस्वर पुढे आला आहे.

मला त्या भाषेतले अक्षरही कळत नव्हते, आणि तरी मी अर्थ शोधत नव्हतो! व्यंजनांचे आघात, स्वरांचे लांबणे, एकाच शब्दाचे परतपरत येणे, हे सारे तिथे तालाची सेवा करत नव्हते, तर ताल हाच त्या शब्दांचा आशय होता. आणि माझ्या मनात एकाएकी शोल्लू वाजू लागला. ज्या अक्षरांच्या रांगांना मी अर्थशून्य म्हटले होते, त्या रांगा कोणी तरी, केव्हा तरी, पायांनी वाचत होते. वेठबिगार शब्द नव्हते. वेठीला धरले होते ते मी, त्या शब्दांना, मोरोपंतांच्या दारात.

कळले, तर वाक्य बदलावे, यात अडचण कोणती? अडचण अशी की भाच्याच्या त्याच खोलीत मला दुसरी एक हकीकत ऐकायला मिळाली आणि ती मनातून जाईना. अमेरिकेतील फ्रँक झापा हा वांदेरइतकाच विक्षिप्त आणि बुद्धिमान संगीतकार. 'मदर्स ऑफ इन्व्हेन्शन' या आपल्या वृंदाबरोबर 1968 साली त्याने केलेली एक गाजलेली ध्वनिमुद्रिका त्याने 1980 नंतरच्या दशकात पुन्हा बाजारात आणली. जुन्या फिती खराब झाल्याचे कारण त्याने दिले. पण फितींवरचे जुने ढोल आणि जुना बास पुसून त्याने त्या जागी नव्या वादकांचे वादन बसवले, आणि हे सारे जुन्याच नावाने, जुन्याच वेष्टनात विकले. ज्यांनी ती मुद्रिका तारुण्यात ऐकली होती ते चिडले. झापा 1993 साली वारला. 1995 मध्ये मूळ मुद्रण पुन्हा उपलब्ध झाले.

दोघांनीही आपल्याच रचनेला हात घातला. दोघांनाही तो कायद्याने होता. आपला 1957 चा स्वामित्वहक्क कायदा तर कलम 57 मध्ये लेखकाला असाही विशेष हक्क देतो की, त्याच्या कृतीची मोडतोड करून त्याच्या लौकिकाला बाध आणणाऱ्याला त्याने अडवावे. पण लेखकाने स्वतःच केलेल्या मोडतोडीपासून वाचकाला संरक्षण देणारे कलम मला त्यात आढळले नाही. असावे असेही मी म्हणणार नाही. कायदा जिथे गप्प बसतो तिथेच नीतीचा प्रश्न सुरू होतो. वांदेरने जुन्या रचनेच्या शेजारी नवी ठेवली. 1971 ची मुद्रिका आपल्या सर्व दाटीसह जागच्या जागी आहे. झापाने नवी रचना जुनीच्या जागी ठेवली. एकात भर आहे, दुसऱ्यात बदली. आणि बदलीत केवळ काही वादकांचे श्रमच पुसले जातात असे नाही, ते ऐकलेल्या माणसांचे ऐकणेही खोटे ठरते. कुणी म्हणावे, मी तो ढोल ऐकला होता. आणि मुद्रिका म्हणावी, असा ढोल इथे नव्हताच.

आपल्या परंपरेत या भेदाची जाण होती असे मला वाटते, जरी ती कुणी सिद्धांत म्हणून मांडली नसली तरी. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदे आपल्या अंगाने गायिली आणि त्या उपक्रमाला 'मला उमजलेले बालगंधर्व' असे नाव दिले. त्या 'मला उमजलेले' या दोन शब्दांत मूळ बालगंधर्वांना त्यांच्या जागी सुखरूप ठेवण्याची सारी सभ्यता आहे. अरुण कोलटकरांची इंग्रजी 'जेजुरी' 1976 ची. मराठी 'जेजुरी' त्यांच्या निधनानंतर, 2011 साली आली. एकीने दुसरीला रद्द केले नाही. एकनाथांचा दाखला मात्र अधिक अवघड आहे. शके 1506 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि या ग्रंथात पुढे कुणी आपली ओवी मिसळली तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे होईल, असे बजावले. एकनाथ हे मूळ कवी नव्हते. ते अपपाठ काढत होते, भर घालत नव्हते. तरीही राजवाड्यांनी 1909 मध्ये आपल्या मते एकनाथपूर्व असलेली प्रत छापली, आणि तेव्हापासून अभ्यासकांचा त्या जुन्या पाठाचा शोध थांबलेला नाही. शुद्ध करणारा एकनाथांच्या तोलाचा असला, तरी लोकांना आधीचे काय होते ते पाहायचे असते. हे अविश्वासातून होते असे मला वाटत नाही.

येथवर विचार आला होता तेव्हा मी पुन्हा एकदा तंजावरास गेलो. नव्या आवृत्तीसाठी काही पाठ ताडून पाहायचे होते. माझे यजमान सत्तरी ओलांडलेले. घरात मराठी बोलणारे आणि तीच मराठी पत्रात तमिळ लिपीने लिहिणारे. त्यांच्या धाकट्या सुनेचे दिवस भरत आले होते, म्हणून एका सकाळी ते तिरुक्करुगावूरला निघाले आणि मलाही बरोबर घेतले. तंजावर आणि कुंभकोणम् यांच्या मधोमध, वेट्टार नदीच्या काठी हे गाव आहे. येथील देवी गर्भरक्षांबिका. निध्रुव ऋषीची पत्नी वेदिका गर्भवती असताना शापाने तिचा गर्भ ढळला, तेव्हा देवीने तो घटात ठेवून पूर्ण दिवसांचा केला, अशी कथा सांगतात. 'करु' म्हणजे गर्भ, त्यावरून गावाचे नाव. अपत्य व्हावे म्हणून येथे मंतरलेले तूप देतात आणि बाळंतपण सुखाचे व्हावे म्हणून एरंडेल. यजमान एरंडेलासाठी आले होते.

देवीचा नवरा मुल्लैवननाथ, जुईच्या वनाचा स्वामी. संबंदर आणि अप्पर या दोन्ही संतकवींनी याला गायिले आहे. याचे लिंग वारुळाच्या मातीचे असल्याचे मानतात, आणि त्यावर जुईच्या वेलीचे वळ दिसतात असे भाविक सांगतात. मातीचे म्हणून त्यावर पाण्याचा अभिषेक होत नाही, जवादी लावतात. तंजावरच्या बृहदीश्वराच्या अजस्र शिळेवर घागरीमागून घागरी ओतलेल्या पाहिल्यानंतर हा कोरडा देव पाहताना जरा चमत्कारिक वाटते. मला तेथे लगेच रूपक सुचू लागले. ही आम्हा समीक्षकांची जुनी खोड. मी ते मनातच आवरले, कारण धुणे आणि न धुणे यांतला माझा प्रश्न तेवढ्याने सुटणार नव्हता.

बाहेर प्राकारात सावलीला बसलो असताना मी यजमानांना नव्या आवृत्तीबद्दल सांगितले, आणि ते वाक्य काढणार असल्याचेही सांगितले. त्यांना आनंद होईल अशी माझी अपेक्षा होती. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितले ते मला त्यापूर्वी ठाऊक नव्हते. त्यांची थोरली मुलगी नृत्य शिकलेली होती. महाविद्यालय संपल्यावर निरूपणांवर संशोधन करावे असे तिच्या मनात होते. घरात मराठी, पायांत मार्गम्, असा योग दुसरीकडे जुळणार नव्हता. त्या तयारीत तिने माझा ग्रंथ वाचला. पुण्याच्या मोठ्या विद्वानाने काव्य म्हणून ज्याचा विचार करण्याचे कारण नाही असे लिहून ठेवले आहे, त्यावर आयुष्य का घालवावे, असे तिला वाटले. ती वाणिज्य शाखेकडे वळली. आज चेन्नईत एका बँकेत चांगल्या हुद्द्यावर आहे. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितले नाही. मुलगी सुखात आहे, हे त्यांनी दोनदा सांगितले.

नंतर ते म्हणाले की ती प्रत घरी आहे, त्या वाक्याखाली मुलीने पेन्सिलीने ओढलेली रेघही आहे. नव्या पुस्तकात ते वाक्य नसेल, तर उद्या तिच्या मुलांनी विचारल्यावर तिने काय दाखवायचे? जे वाक्य पुस्तकात नाहीच, त्याच्यामुळे आपण वाट बदलली, असे तिने सांगायचे का?

मी निरुत्तर झालो. माझी दुरुस्ती ही प्रामाणिकपणाची कृती आहे असे मी समजत होतो. त्या प्राकारात मला ती दुसऱ्या बाजूने दिसली. वाक्य काढल्याने माझी चूक दुरुस्त होणार नव्हती. चुकीचा पुरावा नाहीसा होणार होता, आणि त्याच्याबरोबर जिला ती चूक भोगावी लागली तिची साक्षही. झापाने ढोल पुसले होते. मी एका मुलीच्या पेन्सिलीच्या रेघेवरचे अक्षर पुसायला निघालो होतो. दोन्हींत कर्त्याचा हेतू रचना अधिक चांगली करण्याचाच होता, हे मला नाकारायचे नाही.

याच्या विरुद्ध जे म्हणता येते तेही लहान नाही. चूक छापील पानावर ठेवली तर ती चुकीचेच काम करत राहते. ग्रंथालयात येणारा विद्यार्थी संपूर्ण ग्रंथ वाचतोच असे नाही. तो सूची पाहतो, पान उघडतो, वाक्य उतरून घेतो आणि जातो. त्या मुलीसारखी आणखी एखादी मुलगी त्याच वाक्यापाशी अडली तर, साक्ष जपण्याच्या माझ्या सोवळेपणाचा तिला काय उपयोग? जो घायाळ झाला त्याच्यासाठी शस्त्र जपून ठेवावे, आणि त्या शस्त्राने दुसराही घायाळ व्हावा, हे काही न्यायाचे नाही. दुसऱ्या आवृत्तीला जोडलेली नवी प्रस्तावना यावर उपाय म्हणून सुचवली जाते, पण मी इतकी वर्षे ग्रंथ वाचत आलो आहे. प्रस्तावना कोण वाचतो ते मला माहीत आहे. परिशिष्ट तर लेखकाच्या सद्सद्विवेकाची अडगळीची खोली. तिथे ठेवलेला पश्चात्ताप कुणाच्या पायात येत नाही.

वांदेरची पद्धत इथे पुरी पडत नाही, हे मला मान्य करावे लागते. ध्वनिमुद्रिका दोन असू शकतात, दोन्ही दुकानात शेजारी उभ्या राहू शकतात, आणि जुनीत एखादी जागा कच्ची असली तर तिने कुणाचे काही बिघडत नाही. वाक्याने बिघडते. जे वाक्य निकाल देते, त्याच्या शेजारी दुसरे वाक्य ठेवायचे असेल तर ते इतके जवळ ठेवले पाहिजे की पहिले उतरून घेणाऱ्याच्या हाताला दुसरे लागावे. म्हणून मी असे ठरवले की ते वाक्य आहे तसे, त्याच पानावर, त्याच जागी राहील. त्याच्या लगेच खाली, टीपेत नव्हे तर मूळ मजकुराच्याच टायपात, ते चूक का आहे हे येईल. शोल्लूबद्दल मला आज जे कळते ते येईल, आणि त्या वाक्याने एका अभ्यासाची वाट बंद केली एवढेही येईल. तिचे नाव येणार नाही. प्रकाशकांनी यावर कळवले आहे की, एकाच परिच्छेदात लेखक स्वतःला खोडून काढतो हे वाचकाला विचित्र वाटेल. वाटू दे. मांडणी बिघडते हे त्यांचे म्हणणे खरे आहे. ते पान ग्रंथातले सर्वांत कुरूप पान होणार आहे.

यजमानांना मी हे परतीच्या वाटेवर, वेट्टारच्या पुलावर गाडी थांबली असताना सांगितले. एरंडेलाची बाटली त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. नव्या आवृत्तीची प्रत मुलीच्या चेन्नईच्या पत्त्यावर पाठवा, ते म्हणाले. जुनी मात्र ते तिला देणार नव्हते. ती त्यांच्याच कपाटात राहील.